अपग्रेड झालं, सगळे पॉड रनिंग, तरी लॉग येत नाहीत: इलॅस्टिकसर्च 7 वरून 8 ला नेताना काय काय तपासायचं

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की आता कोणी नुसतं "अपग्रेडनंतर लॉग बंद झालेत" म्हटलं तरी पुढचे चार प्रश्न माझ्या तोंडावर असतात. सेटअप बहुतेक ठिकाणी सारखाच असतो, कुबरनेटीसचा क्लस्टर (ॲप्सचे कंटेनर पॉड म्हणून अनेक मशिन्सवर, म्हणजे नोड्सवर, चालवणारी सिस्टीम), प्रत्येक नोडवर डेमनसेट म्हणून (नोडमागे एक पॉड) लॉग गोळा करून पाठवणारा फ्लुएंट बिट, मधे ते साठवून शोधून देणाऱ्या इलॅस्टिकसर्चचं स्टेटफुलसेट (प्रत्येक पॉडला स्वतःची कायमची डिस्क) आणि बघायला किबाना. 7 वरून 8 ला नेलं, हेल्मने (कुबरनेटीसवर चार्ट नावाच्या पॅकेजमधून सॉफ्टवेअर बसवणारं टूल) डिप्लॉइड दाखवलं, सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मग कोणीतरी विचारतं की माझ्या सर्व्हिसचे लॉग कुठायत.

आधी लक्षणं बघा, तुमचं नेमकं कुठलं आहे ते ठरवा, कारण उत्तर त्यावरच आहे.

- किबानात शेवटची ओळ बरोबर अपग्रेडच्या वेळेची, त्यानंतर काहीच नाही
- काही ॲप्सचे लॉग येतायत, काहींचे अजिबात नाहीत
- अपग्रेडनंतर तासन्‌तास नीट चाललं आणि यूटीसीप्रमाणे रात्री 12 च्या ठोक्याला बंद पडलं
- स्टेटफुलसेट अर्ध्यात अडकलंय, एक पॉड नव्या व्हर्जनवर रनिंग आहे पण रेडी होत नाही, बाकीचे जुन्यावरच
- फ्लुएंट बिटच्या स्वतःच्या लॉगमध्ये "फेल्ड टू फ्लश चंक" परत परत (चंक म्हणजे एकदम पाठवायचा लॉगचा गठ्ठा)
- किबाना "सर्व्हर इज नॉट रेडी येट" वर बसलंय
- लॉग येतायत पण प्रत्येक ओळ दोनदा

काहीही हात लावायच्या आधी दोन गोष्टी नीट वाचा, बाकीची पोस्ट नंतर वाचली तरी चालेल.

एक, इलॅस्टिकसर्चवर हेल्म रोलबॅक करू नका. फ्लुएंट बिट मागे नेता येतं, किती वेळा पण न्या, त्याच्याकडे टिकवायचा असा फारसा डेटा नसतो. पण इलॅस्टिकसर्चचा नोड (इथे त्याचा प्रत्येक पॉड म्हणजे एक नोड) एकदा का 8 वर सुरू झाला की त्याची डेटा डिरेक्टरी नव्या व्हर्जनची होते, मग जुनी इमेज त्या डिस्कवर उठतच नाही, सरळ "कॅनॉट डाउनग्रेड अ नोड" म्हणून बंद पडते. मागे जायचा रस्ता एकच, अपग्रेडच्या आधी घेतलेला स्नॅपशॉट (इलॅस्टिकसर्चचा बॅकअप) नवीन 7 च्या क्लस्टरमध्ये रिस्टोअर करणं. स्नॅपशॉट नसेल तर मागे रस्ता नाही, पुढेच जायचंय हे मनाशी पक्कं करा.

दोन, घड्याळ चालू आहे. तुम्ही शोधाशोध करताय तेवढ्या वेळात ॲप्स लॉग लिहितच असतात आणि नोडवर ते फार काळ राहत नाहीत. क्यूबलेट (प्रत्येक नोडवरचा कुबरनेटीसचा एजंट) डीफॉल्टला प्रत्येक कंटेनरची लॉग फाइल 10 एमबी झाली की रोटेट करतो आणि अशा 5 फाइल्स ठेवतो, म्हणजे जास्तीत जास्त 50 एमबी. सेकंदाला 10 केबी लिहिणारं ॲप ते साधारण 1 तास 23 मिनिटांत भरतं, त्यानंतर सगळ्यात जुनं पुसायला सुरुवात. आणि यातही एक मेख आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, फ्लुएंट बिट ज्या कंटेनर्स फोल्डरमधून वाचतो तिथली लिंक फक्त चालू फाइलकडे जाते, रोटेट झालेल्या जुन्या फाइल्स पॉड्सच्या फोल्डरमध्ये पडून असतात आणि नंतर जीझिप पण होतात, म्हणजे फ्लुएंट बिट परत सुरू झाला तरी त्या तो आपणहून उचलत नाही. पॉड डिलीट झाला तर त्याच्या फाइल्स पण गेल्याच. म्हणून ज्या सर्व्हिसचे लॉग महत्त्वाचे आहेत तिचे पॉड उगाच रीस्टार्ट करू नका, आणि शक्य असेल तर एकाला त्या नोड्सवरचं ते पॉड्सचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करायला बसवा.

आता तपासणी, सोप्यापासून सुरू.

लॉग खरंच येत नाहीत का, की दिसत नाहीत?

हे फुकट आहे आणि दोन मिनिटांचं आहे, तरी लोक हे सोडून थेट पॉड मारायला घेतात. किबानात टाइम रेंज पुढच्या 24 तासांपर्यंत वाढवा. ॲपच्या टाइमस्टँपमध्ये झोन नसेल तर पार्सर (ओळीतून फील्ड्स वेगळे काढणारा भाग) तो यूटीसी धरतो, मग ओळी भविष्यात जाऊन पडतात आणि "मागची 15 मिनिटं" मध्ये कधीच दिसत नाहीत. मग डेटा व्ह्यू, म्हणजे किबाना कुठले इंडेक्स (इलॅस्टिकसर्चमधले डेटाचे कप्पे) दाखवतो ती सेटिंग, बघा (8 मध्ये इंडेक्स पॅटर्नला हेच नाव दिलंय), नव्या चार्टने इंडेक्सचा प्रीफिक्स बदलला असेल तर तुमचा जुना पॅटर्न नव्या इंडेक्सला जुळतच नाही.

मग आजच्या इंडेक्सवर काउंट कॉल (त्यात किती ओळी आहेत ते विचारणारा) मारा, एक मिनिट थांबा, परत मारा. आकडा वाढतोय? तर लॉग येतायत, भानगड किबानाकडे. वाढत नाहीये? तर भानगड किबानाच्या अलीकडे, फ्लुएंट बिट किंवा इलॅस्टिकसर्चमध्ये. कॅट इंडायसेसच्या (कॅट म्हणजे इलॅस्टिकसर्चची स्थिती थोडक्यात दाखवणारे कॉल) यादीतल्या आकड्यावर जाऊ नका, कारण ज्या शार्डवर (इंडेक्सचा तुकडा) 30 सेकंद कोणी सर्च केलं नाही त्याचा रिफ्रेश, म्हणजे नवीन ओळी सर्चला दाखवणं, डीफॉल्टला थांबलेला असतो आणि तो आकडा जुनाच दिसत राहतो, काउंट हा सर्च असल्यामुळे रिफ्रेश करायला लावतो. याच एका गोष्टीने मला एकदा अर्धी रात्र चुकीच्या दिशेला पळवलंय.

फ्लुएंट बिट काय म्हणतोय?

कुबेक्टल लॉग्जने एका फ्लुएंट बिट पॉडचे शेवटच्या 200 ओळी वाचा. फक्त "फेल्ड टू फ्लश" दिसलं आणि कारण दिसलं नाही तर आउटपुटच्या सेक्शनमध्ये ट्रेस एरर ऑन करा, मग इलॅस्टिकसर्चचं पूर्ण उत्तर छापून येतं. ही एक सेटिंग बाकी सगळ्या अंदाजांपेक्षा जास्त कामाची आहे. उत्तराचा एचटीटीपी कोड बघितला की निम्मं काम झालं.

400 आणि "अननोन पॅरामीटर अंडरस्कोर टाइप" असं असेल तर मी बघितलेल्यातलं सगळ्यात कॉमन कारण तुम्हाला सापडलं. जुन्या काळापासून बल्क रिक्वेस्टमध्ये (अनेक ओळी एकदम पाठवणारी रिक्वेस्ट) प्रत्येक डॉक्युमेंटसोबत टाइप पाठवायची पद्धत होती, 7 मध्ये ते नको असं झालं पण चालायचं, नुसती वॉर्निंग यायची, 8 मध्ये टाइप पूर्ण काढून टाकले आणि आता अख्खी रिक्वेस्ट नाकारली जाते. फ्लुएंट बिट डीफॉल्टला अजून टाइप पाठवतो. आउटपुटमध्ये सप्रेस टाइप नेम ऑन करा, डेमनसेट रोल करा, लॉग सुरू. यासाठी इलॅस्टिकसर्चला हात लावायची काहीच गरज नाही आणि तरी मी लोकांना यासाठी तीन तीन वेळा इलॅस्टिकसर्च रीस्टार्ट करताना पाहिलंय. तुमच्या इमेजला ही सेटिंगच माहीत नसेल तर आधी फ्लुएंट बिट नवीन घ्या. खरं तर हे सगळं अपग्रेडच्या आधीच करून ठेवता येतं कारण 7 ला टाइप नसलेली रिक्वेस्ट पण चालते.

401 म्हणजे सिक्युरिटी. 8 मध्ये ती डीफॉल्टला चालू असते, तुमच्या 7 मध्ये कॉन्फिगमध्ये काही लिहिलेलं नव्हतं तर बंद होती आणि युजर पासवर्डशिवाय सगळं चालत होतं. फ्लुएंट बिटला युजर, पासवर्ड आणि लागेल तिथे टीएलएस (एन्क्रिप्शन) द्या. फक्त एक लक्षात ठेवा, नोड्सच्या आपापसातल्या ट्रान्सपोर्टवर टीएलएस चालू करायचं असेल तर ते एक एक नोड करून जमत नाही, टीएलएसवाला आणि बिनटीएलएसवाला नोड एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, पूर्ण क्लस्टर बंद करून चालू करावा लागतो. म्हणून हे काम 7.17 वरच (7 चं शेवटचं व्हर्जन) उरकायचं आणि मग 8 कडे बघायचं, दोन्ही बदल एका रात्रीत केले तर काय बिघडलं ते कळत नाही.

429 म्हणजे इलॅस्टिकसर्च म्हणतंय आत्ता नाही. दोन कारणं असतात, एक तर रायटिंगची रांग भरलीये, नाहीतर डिस्क, आणि डिस्कचं पुढे येतंच आहे.

हे चालू असताना रीट्राय लिमिट बघून घ्या. कॉन्फिगमध्ये काही लिहिलं नसेल तर फ्लुएंट बिट फेल झालेला चंक फक्त एकदा परत पाठवून बघतो आणि मग टाकून देतो. म्हणजे तुम्ही दुपारी दुरुस्त केलंत तरी सकाळचं गेलंच. रीट्रायला मर्यादा नको असं सेट करा आणि बफर मेमरीऐवजी फाइलसिस्टमवर ठेवा, पण त्याला साइझची मर्यादा घाला नाहीतर नोडची डिस्क भरून वेगळंच संकट येईल.

दोनदा येणाऱ्या ओळींचं उत्तर पण इथेच आहे. फ्लुएंट बिटचा टेल इनपुट (लॉग फाइल वाचणारा भाग) कुठपर्यंत वाचलं हे एका छोट्या डेटाबेस फाइलमध्ये लिहून ठेवतो. ती फाइल होस्टपाथवर (नोडच्या स्वतःच्या डिस्कवर) नसेल तर नवीन पॉडला काहीच आठवत नाही, मग सेटिंगप्रमाणे तो एकतर सगळं पहिल्यापासून वाचतो, म्हणजे डुप्लिकेट, नाहीतर शेवटापासून सुरू करतो, म्हणजे मधे भोक. भोक जास्त वाईट, कारण ते कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि जर त्याच अपग्रेडमध्ये नोड्सचं कुबरनेटीस पण नवीन केलं असेल तर पार्सर बघा. कुबरनेटीस 1.24 मध्ये डॉकरशिम (डॉकरला जोडणारा भाग) काढलं, डॉकरऐवजी आलेल्या कंटेनरडीच्या लॉगचा फॉरमॅट जेसन नसतो, डॉकरवाला पार्सर ठेवला तर सगळी ओळ एकाच फील्डमध्ये गोळा होते. कंटेनरडीच्या फॉरमॅटसाठीचा सीआरआय पार्सर लावा.

काही ॲप्सचेच लॉग गायब आहेत

हे मॅपिंग, म्हणजे इंडेक्समधलं कुठलं फील्ड कुठल्या प्रकारचं याची नोंद. भांडण 7 वर पण व्हायचं, पण अपग्रेडसोबत नवीन टेम्प्लेट येतं, नवीन इंडेक्स बनतो आणि जुनी भांडणं नव्याने सुरू होतात. नेहमीचं उदाहरण म्हणजे लेबल्स. एका पॉडला "ॲप" नावाचं साधं लेबल आहे, दुसऱ्याला "ॲप डॉट कुबरनेटीस डॉट आयओ" ने सुरू होणारं. इलॅस्टिकसर्च डॉटला आतलं ऑब्जेक्ट समजतं, त्यामुळे त्याच्यासाठी "ॲप" एकदा मजकूर आणि एकदा ऑब्जेक्ट, आणि दिवसाच्या इंडेक्समध्ये जो आधी आला त्याचं राज्य, दुसऱ्याच्या सगळ्या ओळी नाकारल्या. म्हणूनच आज हे ॲप गायब, उद्या ते, असा विचित्र प्रकार दिसतो आणि प्रत्येक टीमला वाटतं चूक आपल्याच सर्व्हिसमध्ये आहे. फ्लुएंट बिटमध्ये रिप्लेस डॉट्स ऑन करा. चालू इंडेक्सचं मॅपिंग बदलत नाही, त्यामुळे फरक पुढच्या इंडेक्सपासून दिसेल.

जी ॲप्स स्वतःचं जेसन हवं तसं लिहितात त्यांच्यामुळे एका इंडेक्समधल्या फील्ड्सची 1000 ची डीफॉल्ट मर्यादा संपते. मर्यादा वाढवणं सोपं वाटतं पण मी शक्यतो करत नाही, कारण मॅपिंग फुगलं की ते प्रत्येक नोडच्या मेमरीत बसतं. त्या ॲपच्या टीमला सांगून त्यांचं जेसन आटोक्यात आणा किंवा ते फील्ड फ्लॅटन्ड (अख्खं ऑब्जेक्ट एकच फील्ड धरणारा प्रकार) ठेवा.

रात्री 12 ला बंद पडलं

जवळजवळ नक्की शार्ड्सची मर्यादा. डेटा नोडमागे डीफॉल्ट 1000 शार्ड, 3 डेटा नोड म्हणजे 3000. रोजचे इंडेक्स यूटीसीच्या तारखेने बनतात, मर्यादा संपलेली असली की जुन्या इंडेक्समध्ये लिहिणं चालू राहतं पण नवीन इंडेक्स बनत नाही, म्हणून तारीख बदलली की सगळं थांबतं, आणि तुमच्या घड्याळात ती वेळ भलतीच असल्यामुळे कोणाला लिंक लागत नाही. अपग्रेडमध्ये एखादा डेटा नोड बाहेर असेल तर मर्यादा पण तेवढीच कमी होते. जुने, नको असलेले इंडेक्स डिलीट करा (खरंच नकोत ना ते विचारून), ताबडतोब सुटका हवी असेल तर आकडा तात्पुरता वाढवा आणि त्याच आठवड्यात आयएलएम (इंडेक्स आपोआप बदलणारी आणि पुसणारी सोय) लावून रोजच्याऐवजी साइझप्रमाणे रोलओव्हर करा, म्हणजे नवीन इंडेक्स सुरू करा. मर्यादा वाढवून विसरून गेलेले क्लस्टर मी पाहिलेत, ते पुढे मास्टरच्या (क्लस्टर सांभाळणारा नोड) हीपवर, म्हणजे जावाच्या मेमरीवर, येऊन आदळतात.

डिस्क

कॅट अलोकेशन बघा, कुठल्या नोडची डिस्क किती भरलीये ते कळतं. 85 टक्के भरली की त्या नोडवर नवीन शार्ड ठेवले जात नाहीत, 90 ला इलॅस्टिकसर्च असलेले बाहेर हलवायला घेतं, 95 ला त्या नोडवर ज्यांचे शार्ड आहेत ते इंडेक्स रीड ओन्ली होतात, फक्त डिलीट चालतं. अपग्रेडमध्ये हे होतंच कारण नोड खाली गेला की त्याच्या रेप्लिका (शार्डच्या जादा कॉपी) दुसरीकडे बनायला लागतात आणि ज्या डिस्क 80 वर निवांत होत्या त्या चढतात. जागा मोकळी झाली, म्हणजे परत 90 च्या खाली आली, की 7.4 पासून तो ब्लॉक आपोआप निघतो. वॉटरमार्कचे, म्हणजे या मर्यादांचे, टक्के वाढवून वेळ मारून नेऊ नका, त्याच्यापुढे डिस्क खरोखर भरते आणि मग दुरुस्ती फार अवघड.

पॉड रनिंग पण रेडी नाही

इथून पुढे हात जपून.

आधी कॅट हेल्थ. ग्रीन म्हणजे सगळे शार्ड जागेवर, यलो म्हणजे काही रेप्लिका नाहीत, रेड म्हणजे एखादी प्रायमरी (शार्डची मूळ कॉपी) नाही. यलो दिसलं म्हणून घाबरू नका. ज्या शार्डची प्रायमरी नव्या व्हर्जनच्या नोडवर आहे तिची रेप्लिका जुन्या व्हर्जनच्या नोडवर ठेवता येत नाही, त्यामुळे पहिला नोड अपग्रेड झाला की थोडं यलो राहणं नॉर्मल आहे. पण बऱ्याच चार्टमध्ये रेडीनेसची अट "ग्रीन" असते. मग पॉड म्हणतो ग्रीन झाल्याशिवाय मी रेडी नाही, स्टेटफुलसेट म्हणतं हा रेडी झाल्याशिवाय मी दुसरा अपग्रेड करणार नाही, आणि दुसरा अपग्रेड झाल्याशिवाय ग्रीन होणार नाही. हे रात्रभर तसंच बसून राहतं. इनिशियलायझिंग (नवीन बनणारे) आणि रीलोकेटिंग (हलणारे) शार्ड दोन्ही शून्य असतील आणि रेड नसेल तर पुढचा एकच पॉड हाताने डिलीट करा, तो नव्या व्हर्जनवर उठतो, दोन नोड नवीन झाले की रेप्लिकाला जागा मिळते. एका वेळी एकच, परत सांगतो.

त्याआधी शार्ड अलोकेशनची सेटिंग पण बघा. नोड खाली घ्यायच्या आधी ती "प्रायमरीज" वर ठेवायची असते म्हणजे उगाच कॉपी चालू होत नाहीत, आणि नोड वर आला की परत मोकळी करायची असते, आणि हे दुसरं कोणीतरी विसरतं. मग रेप्लिका कधीच लागत नाहीत.

पॉड उठतच नसेल, क्रॅशलूप (सुरू होऊन परत परत पडणं) असेल, तर मागच्या कंटेनरचे लॉग वाचा. "व्हीएम मॅक्स मॅप काउंट" (लिनक्सची मेमरी मॅपची मर्यादा) कमी आहे असं असेल तर तो नोड नवीन आहे, लिनक्सवर डीफॉल्ट बहुतेक 65530 असतो आणि लागतात 262144. आधी हे इनिट कंटेनर (मुख्य कंटेनरच्या आधी चालणारा) करून द्यायचा पण त्याला प्रिव्हिलेज्ड, म्हणजे नोडवरचे जादा अधिकार, लागतं आणि नव्या क्लस्टरच्या पॉड सिक्युरिटीने ते अडवलं असेल, मग नोडच्याच सेटअपमध्ये टाका. ॲक्सेस डिनाइड असेल तर डिस्कवरचा मालक बघा, ऑफिशियल इमेज युजर 1000 ने चालते. एक्झिट कोड 137 असेल आणि ओओएमकिल्ड लिहिलेलं असेल तर मेमरी, हीप कंटेनरच्या लिमिटच्या निम्म्याच्या वर नको, उरलेली फाइल कॅशला लागते. सिक्स पॉइंट एक्सच्या काळात बनलेले इंडेक्स राहिले असतील तर 8 त्यांना वाचत नाही, ते 7.17 वरच रीइंडेक्स किंवा डिलीट करायला हवे होते, किबानातला अपग्रेड असिस्टंट हे आधी दाखवतो.

कॉन्फिग सुधारून परत लावलंत आणि तरी तोच तुटका पॉड बसलाय? स्टेटफुलसेट तुटक्या पॉडच्या रेडी होण्याची वाट बघत राहतं, तो पॉड हाताने डिलीट करावा लागतो. पॉड, व्हॉल्यूम क्लेम (पॉडला दिलेली डिस्क) नाही. हे दोन शब्द घाईत चुकतात आणि त्यात नोडचा सगळा डेटा जातो.

किबानाचं थोडक्यात. व्हर्जन इलॅस्टिकसर्चपेक्षा नवीन नको. कॉन्फिगमध्ये "इलॅस्टिक" हा सुपरयुजर असेल तर 8 मध्ये किबाना सुरूच होत नाही, सर्व्हिस अकाउंटचं टोकन द्या. आणि जुने सगळे किबाना बंद करूनच नवीन चालू करा, डिप्लॉयमेंटची डीफॉल्ट पद्धत जुने नवीन एकत्र चालवते, ती रीक्रिएट करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

क्लस्टर रेड आहे आणि अलोकेशन एक्स्प्लेन (शार्ड का लागत नाही ते सांगणारा कॉल) म्हणतंय की प्रायमरीची एकही चांगली कॉपी सापडत नाही. तिथे रिकामी प्रायमरी बनवायचा एक कॉल आहे, त्यात "डेटा लॉस मान्य" असं स्वतः लिहावं लागतं. ते लिहायचा निर्णय तुमचा एकट्याचा नाही.

निम्मे किंवा जास्त मास्टर गेलेत आणि मास्टर निवडलाच जात नाहीये, इंटरनेटवर कोणीतरी अनसेफ बूटस्ट्रॅप (उरलेल्या मास्टरवरून जबरदस्तीने क्लस्टर उठवणं) सुचवलंय. नको. त्या टूलच्या नावातच अनसेफ आहे आणि ते खरं आहे.

लॉगमध्ये करप्ट इंडेक्स, चेकसम, इनपुट आउटपुट एरर दिसतायत. हे स्टोरेजचं काम, स्टोरेजवाल्यांना उठवा आणि तोपर्यंत पॉड रीस्टार्ट करत बसू नका.

त्या लॉगवर ऑडिट किंवा कायदेशीर जबाबदारी आहे आणि स्नॅपशॉट नाही. अशा वेळी पहिल्या एररलाच थांबा.

ज्याला बोलवाल त्याच्यासाठी तोपर्यंत एवढं गोळा करून ठेवा: कॅट हेल्थ, कॅट नोड्स व्हर्जनसकट, कॅट शार्ड्स, अलोकेशन एक्स्प्लेनचं पूर्ण उत्तर, प्रत्येक इलॅस्टिकसर्च पॉडचे आत्ताचे आणि मागच्या कंटेनरचे लॉग, हेल्म हिस्टरी, आणि कोणी किती वाजता काय केलं त्याची साधी यादी. ती यादी लिहिताना काही लपवू नका, कुठला पॉड कोणी डिलीट केला यावरून कुठली डिस्क वाचवता येईल ते ठरतं. आणि तो माणूस येईपर्यंत नोडवरची पॉड्सची फोल्डर्स कॉपी होत राहू द्या.